४० मिनिटांत ९६ मिलिसेकंद: हरिपाठाच्या मल्टिट्रॅक ध्वनिमुद्रणाचे एक प्रकरण

वाई तालुक्यातील एका गावच्या भजनी मंडळाने आपला हरिपाठ ध्वनिमुद्रित करून ठेवायचे ठरवले, त्यामागे कोणताही व्यावसायिक हेतू नव्हता. मंडळातील चाली जुन्या वळणाच्या आहेत, त्या पक्क्या ठाऊक असलेली माणसे थकत चालली आहेत, आणि पुढच्या पोरांना ऐकून शिकता यावे, एवढीच इच्छा होती. शिकणाऱ्याला टाळांचा गजर बाजूला सारून नुसता पखवाज किंवा नुसते मुख्य गायकाचे म्हणणे ऐकता यायला हवे होते. त्यामुळे प्रत्येक आवाज स्वतंत्र ट्रॅकवर घेणे भाग होते. हे काम माझ्याकडे आले. साउंड कार्डाची जुळणी करताना आम्ही ज्या क्रमाने चुकलो त्याच क्रमाने हे प्रकरण मांडतो आहे, कारण पहिली चूक सापडली नसती तर पुढच्या साऱ्या खटपटीला अर्थच उरला नसता.

साधने बेताची होती. चार कोअरचा जुना डेस्कटॉप संगणक, त्यावर डेबियन लिनक्स, ध्वनीची वाहतूक सांभाळायला जॅक आणि मुद्रणासाठी आर्डोर. आठ माइक जोडता येतील असा यूएसबी २.० चा एक इंटरफेस, म्हणजे बाहेरून जोडायचे साउंड कार्ड, भाड्याने आणला होता. तो स्वतंत्र अडॅप्टरवर चालणारा असावा याची काळजी आधीच घेतली होती, कारण यूएसबी २.० च्या सॉकेटमधून ५०० मिलिअँपियरच मिळतात आणि माइकचा आवाज वाढवणारे आठ प्रीअँप व माइकना लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा एवढ्यावर भागत नाही. सॅम्पल रेट, म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा मोजायचा तो आकडा, ४८,००० ठेवला. यापेक्षा वरचा रेट घेण्याचा आग्रह काही जण धरतात. टाळ-पखवाजाच्या कामात मला त्याचा उपयोग कधी दिसलेला नाही, आणि मशीनवरचा भार मात्र दुप्पट होतो.

पहिल्या रविवारी देवळाच्या सभामंडपात मुख्य गायक, मागे म्हणणारे, हार्मोनियम, वीणा आणि टाळकरी असे सगळे एकत्र बसले आणि आठही ट्रॅकवर सुमारे ४० मिनिटांचा सलग हरिपाठ मुद्रित झाला. जॅकचा बफर, म्हणजे आवाज पुढे सरकण्याआधी ज्यात थांबतो तो तात्पुरता साठा, त्या दिवशी १०२४ फ्रेमचा (फ्रेम म्हणजे एका क्षणाचे मोजमाप) होता आणि त्याने काहीही बिघडले नाही. ही गोष्ट मुद्दाम नोंदवतो. लेटन्सीचे, म्हणजे आवाजाच्या विलंबाचे, नाव काढले की बफर शक्य तितका लहान करण्याची घाई होते. पण जिथे आवाज संगणकात जाऊन तिथेच साठतो आणि कोणाच्याही कानात लगेच परत यायचा नसतो, तिथे बफर मोठा असणेच हिताचे असते. आवाज संगणकात शिरून हेडफोनमधून पुन्हा वादकाच्या कानाशी येतो, तेव्हाच विलंबाचा प्रश्न उभा राहतो.

तो प्रश्न दुसऱ्या रविवारी उभा राहिला. मंडळाचे पखवाजवादक नोकरीनिमित्त पिंपरीला असतात आणि पहिल्या दिवशी त्यांना सुटी मिळाली नव्हती. त्यामुळे आधी झालेले मुद्रण त्यांना हेडफोनवर ऐकवायचे आणि त्यावर पखवाज वाजवून घ्यायचा असे ठरले. सभामंडपातले मुद्रण एका स्टिरिओ फाइलमध्ये उतरवून ती फाइल मी साध्या प्लेअरमध्ये लावली, हेडफोन संगणकाच्या मागच्या हिरव्या सॉकेटमध्ये खोचला आणि पखवाजाचे तीन माइक इंटरफेसमधून आर्डोरमध्ये घेतले. एक माइक शाईच्या बाजूला, एक कणीक लावलेल्या धुमाच्या बाजूला आणि एक चार हात दूर. वादकांनी एका दमात हरिपाठ वाजवला, आम्ही पहिली सम हाताने जुळवली, पहिले दोन-तीन अभंग ऐकले, सारे जागच्या जागी होते, आणि मंडळी खूश होऊन घरी गेली.

आठवड्याने पूर्ण मुद्रण ऐकले तेव्हा शेवटच्या अभंगांत पखवाज गायनाच्या पुढे पळत होता. मंडळातील ज्येष्ठांचा निवाडा तयारच होता: लय चढली की याचा हात सुटतो. मलाही क्षणभर तसेच वाटले. पण आर्डोरमध्ये टाळाचा ठोका आणि पखवाजाची थाप एकमेकांखाली ठेवून अंतर मोजले, तेव्हा जे दिसले ते माणसाच्या हातून होणारे नव्हते. १० व्या मिनिटाला पखवाज सरासरी २४ मिलिसेकंद पुढे होता, २० व्या मिनिटाला ४८, ३० व्या मिनिटाला ७२ आणि अखेरीस ९६. माणूस घाई करतो तेव्हा कुठे पुढे जातो, कुठे सावरतो, एखाद्या अभंगात रेंगाळतो. इतकी सरळ रेघ फक्त घड्याळ काढते.

आणि घड्याळे खरोखरच दोन होती. प्रत्येक साउंड कार्डात एक क्वार्ट्झचा स्फटिक असतो आणि सेकंदाला किती सॅम्पल मोजायचे हे त्याच्या कंपनांवरून ठरते. ४८,००० हा आकडा दोन्ही कार्डांवर लिहिलेला असला तरी दोन स्फटिक तंतोतंत सारखे कधीच नसतात. दशलक्षात काही दहांचा फरक अगदी सामान्य मानला जातो आणि तापमानानेही तो थोडा हलतो. मदरबोर्डवरचे कार्ड इंटरफेसच्या तुलनेत दशलक्षात ४० इतके जलद चालत होते, म्हणजे गायनाची फाइल वादकाला कणभर वेगाने ऐकू येत होती. ते त्या वेगाशी इमानाने वाजवत होते, आणि त्यांचे वादन मात्र दुसऱ्या, किंचित संथ घड्याळाने मोजले जात होते. २४०० सेकंदांना दशलक्षात ४० ने गुणले की बरोबर ९६ मिलिसेकंद येतात. पाच मिनिटांच्या गाण्यात हाच दोष १२ मिलिसेकंदांचा झाला असता आणि कोणाच्या लक्षातही आला नसता. सलग ४० मिनिटांच्या हरिपाठाने तो चव्हाट्यावर आणला.

ही चूक लिनक्सवर सहज घडते, कारण डेस्कटॉपचा ध्वनी-सर्व्हर आणि जॅक ही दोन वेगळी राज्ये असू शकतात. साधा प्लेअर मदरबोर्डच्या कार्डाकडे बोलत असतो, आर्डोर इंटरफेसकडे, आणि पडद्यावर दोन्ही शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने चाललेले दिसतात. विंडोजवर स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणलेल्या एएसआयओ पद्धतीत बहुतेक मुद्रण-प्रणाली एका वेळी एकच ड्रायव्हर घेऊ देतात, त्यामुळे प्रणालीच्या आत तरी हा घोळ होत नाही. पण वेगळ्या प्लेअरमधून गाणे लावले तर तिथेही हेच घडेल. मॅकवर दोन कार्डे एकत्र बांधता येतात आणि त्यांतली घसरण दुरुस्त करण्याची सोय आहे. लिनक्सवरही झीटा-एजेब्रिजसारखे साधन दुसऱ्या कार्डाचा प्रवाह सतत रीसॅम्पल करून पहिल्याच्या घड्याळाशी जुळवते. दोन आठ-मार्गी इंटरफेस एकत्र वापरायचे असतील तर मात्र वर्ड क्लॉक किंवा एडॅटच्या तारेने एकाला दुसऱ्याच्या घड्याळावर चालवणे हाच सरळ मार्ग आहे. आमच्या कामात यातले काहीच लागत नव्हते. इंटरफेसलाच हेडफोनचे सॉकेट होते. गायन त्यातून ऐकवले की घड्याळ एकच उरते.

मूळ वादन १.००००४ पट ताणून वाचवता आले असते. त्याने स्वर सेंटच्या (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चौदाव्या हिश्शाएवढा उतरला असता, म्हणजे कोणालाही कळला नसता. तशी एक प्रत करून ठेवलीही. पण बंद कपांच्या हेडफोनमध्ये वादकांना स्वतःचा पखवाज नीट ऐकू येत नव्हता, त्यामुळे त्यांनी सगळा हरिपाठ गरजेपेक्षा जोराने वाजवला होता आणि धुमाचा गोडवा हरवला होता. पुन्हा वाजवून घेणेच बरे, असे त्यांनीच सुचवले.

तिसऱ्या रविवारी गायन आर्डोरमधूनच इंटरफेसच्या हेडफोनवर दिले आणि पखवाजाचे माइकही आर्डोरमार्गे त्याच हेडफोनवर सोडले. बफर पहिल्या दिवसाचाच राहिला होता: १०२४ फ्रेमचे दोन पीरियड, म्हणजे बफरचे दोन हप्ते. वादकांनी चार थापा मारल्या आणि हेडफोन काढून ठेवला. "माउली, हात आधी पडतो आणि आवाज मागून येतो," ते म्हणाले. हिशेब साधा आहे. आत येताना एक पीरियड आणि बाहेर जाताना दोन, म्हणजे ३०७२ फ्रेम. त्यांना ४८,००० ने भागले की ६४ मिलिसेकंद. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तेव्हा स्वतःचाच पखवाज २२ मीटरांवरून ऐकत वाजवण्यासारखे ते झाले. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत एक मात्रा ३७५ मिलिसेकंदांची असते आणि चौगुणीत प्रत्येक बोलाला जेमतेम ९४ मिलिसेकंद मिळतात. त्यातले ६४ विलंबातच गेले तर हात अडखळणारच.

मग मी अतिउत्साहाने थेट ६४ फ्रेम आणि दोन पीरियडवर गेलो आणि जॅकच्या खिडकीत एक्सरनची माळ लागली. एक्सरन म्हणजे काय हे समजावताना मला रहाटगाडग्याची उपमा सोयीची वाटते. गाडगी मोठी असली की रहाट सावकाश फिरतो आणि पाणी ओतून घेणारा थोडा इकडेतिकडे पाहू शकतो. गाडगी लहान केली की तीच धार राखण्यासाठी रहाट भराभर फिरतो आणि ओतणाऱ्याची नजर क्षणभर हलली तरी एक गाडगे तसेच पुढे जाते. ६४ फ्रेमचे गाडगे १.३३ मिलिसेकंदांनी समोर येते. तेवढ्या वेळात प्रोसेसरने येऊन ते रिकामे केले नाही तर ध्वनीत खंड पडतो आणि कट्ट असा आवाज होतो. प्रोसेसरची ताकद इथे फारशी कामाची नसते. तो वेळेवर येतो की नाही, एवढेच महत्त्वाचे.

आमचा प्रोसेसर वेळेवर येत नव्हता. सर्वांत मोठे कारण अगदी क्षुल्लक निघाले. जॅक बसवताना डेबियन विचारते की ध्वनीच्या कामाला रिअल-टाइम प्राधान्य द्यायचे का, आणि त्या प्रश्नाला कोणीतरी, बहुधा मीच, "नाही" म्हटले होते. प्राधान्य नसले की जॅकचा धागा ब्राउझर आणि फाइलशोध यांच्या रांगेत सामान्य माणसासारखा उभा राहतो. प्राधान्य दिले, वापरकर्त्याला ऑडिओ गटात घातले, स्मृतीचा हवा तेवढा भाग अडवून धरण्याची परवानगी दिली. तरीही फरक दिसेना. अर्धा तास गेल्यावर लक्षात आले की गटातला बदल लागू होण्यासाठी लॉग-आउट करून पुन्हा आत यावे लागते. ते केल्यावर माळेचे तुरळक मणी झाले.

उरलेल्या मण्यांपैकी बरेचसे बाहेरच्या यूएसबी डिस्कमुळे होते. मुद्रण तिच्यावर साठत होते आणि ती इंटरफेसच्याच कंट्रोलरवर बसली होती, त्यामुळे मोठा मजकूर लिहिला जात असताना दोघांची ओढाताण होई. मुद्रण आतल्या एसएसडीवर वळवले आणि इंटरफेस मागच्या बाजूच्या एकट्या सॉकेटमध्ये लावला. प्रोसेसरची गती गरजेप्रमाणे कमी-जास्त होऊ न देता वरच्या पातळीवर बांधून ठेवली. वायफाय बंद केले. रिअल-टाइम कर्नलपर्यंत, म्हणजे वेळ काटेकोर पाळणाऱ्या लिनक्सच्या गाभ्यापर्यंत, जाण्याची वेळ आली नाही. अनेक वर्षे स्वतंत्र पॅच म्हणून वाढलेला तो भाग २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीबरोबर मुख्य लिनक्समध्ये आला आहे. पण आठ ट्रॅकच्या कामासाठी साधे कर्नल नीट बसवले तर माझ्या अनुभवात ते पुरते.

एवढे करूनही ६४ वर पूर्ण भरवसा वाटेना, म्हणून १२८ फ्रेम आणि तीन पीरियड घेतले. यूएसबीची वाहतूक ठरावीक ठोक्यांच्या पाकिटांतून होते आणि तिचे ठोके पीरियडच्या कडांशी जुळतीलच असे नसते, त्यामुळे यूएसबी कार्डाला दोनऐवजी तीन पीरियड मानवतात असा जाणकारांचा नेहमीचा सल्ला आहे. आठही ट्रॅक सज्ज ठेवून तासभर मुद्रण चालवले आणि एकही एक्सरन आला नाही. एकूण विलंब ५१२ फ्रेम, म्हणजे १०.७ मिलिसेकंद. पुस्तकी हिशेबाने काम फत्ते झाले होते.

वादकांना मात्र ते पटले नाही. आता आवाज मागून येत नव्हता, पण पखवाज "पोकळ" वाटत होता, धुमाला दम नाही अशी त्यांची तक्रार होती. मुद्रित ट्रॅक ऐकला तर तो भरदार होता. तक्रार खरी होती आणि तिचे कारण भौतिकशास्त्रात होते. पखवाजासारखे दणदणीत वाद्य हेडफोनच्या कपांतून झिरपून आणि हाडांतूनही कानापर्यंत पोचते. त्यात तोच आवाज १०.७ मिलिसेकंद उशिराने मिसळला की काही कंपनसंख्यांवर दोघे एकमेकांना खोडतात. या विलंबाला पहिला खड्डा सुमारे ४७ हर्ट्झवर आणि दुसरा सुमारे १४१ हर्ट्झवर पडतो, म्हणजे नेमका धुमाच्या खर्जाच्या प्रदेशात. विलंब निम्मा केला असता तर खड्डे सरकले असते, मिटले नसते. बफर लहान करण्याच्या वाटेने कितीही पुढे गेलो असतो तरी वादकांच्या कानाला हवे होते ते मिळाले नसते, हे मला तिथे कळले. त्याआधीचा अर्धा दिवस ज्या आकड्यासाठी घालवला होता, तो आकडा मुळी या कामाचा नव्हता.

इंटरफेसमध्ये स्वतःचा छोटा मिक्सर असतो आणि माइकचा आवाज संगणकाकडे न पाठवता तिथूनच हेडफोनला देता येतो. त्यात एक-दोन मिलिसेकंदांहून जास्त विलंब नसतो. आर्डोरमध्ये मॉनिटरिंग, म्हणजे वादकाला त्याचाच आवाज ऐकवणे, कोण सांभाळणार हे ठरवण्याची जागा आहे. तिथे हार्डवेअर निवडले, म्हणजे तोच आवाज दुसऱ्यांदा कानावर येणार नाही. पखवाज थेट आणि गायन संगणकातून, अशी जुळणी होताच वादकांचा चेहरा बदलला. आणि आता बफर लहान असण्याची गरजच उरली नव्हती, म्हणून मी तो पुन्हा वाढवून २५६ फ्रेम आणि तीन पीरियड केला. मुद्रण चालू असताना एक्सरनची धास्ती नसणे ही वादकाइतकीच मुद्रण करणाऱ्याच्याही स्वस्थतेची गोष्ट आहे.

एक काम मात्र उरले होते. गायन हेडफोनपर्यंत उशिरा पोचते, वादक त्यावर वाजवतो आणि त्याचे वादन आत यायलाही वेळ लागतो. आर्डोर ही सगळी बेरीज करून मुद्रित ट्रॅक तेवढा मागे ओढून ठेवते. पण त्याला फक्त बफरचा हिशेब ठाऊक असतो. आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये आणि यूएसबीच्या वाहतुकीत जाणारा वेळ त्याला सांगावा लागतो. इंटरफेसच्या पहिल्या आउटपुटमधून आठव्या इनपुटमध्ये एक तार जोडली आणि जॅकच्या मोजणी-साधनाने फेरी मोजली: हिशेबाने १०२४ फ्रेम, प्रत्यक्षात ११२१. वरचे ९७ फ्रेम, म्हणजे दोन मिलिसेकंद, येण्या-जाण्यात विभागून जॅकला कळवले. वादक पाऊण मीटर मागे सरकून बसला तर जेवढा फरक पडेल तेवढाच हा फरक आहे, आणि या मुद्रणात तो कोणाला ऐकू आला नसता. तरीही मोजला, कारण पाच मिनिटांचे काम आहे आणि एकच वाद्य दोन ट्रॅकवर झिरपलेले असते तेव्हा हेच दोन मिलिसेकंद नडतात. यूएसबी इंटरफेस बंद करून पुन्हा चालू केला की हा वरचा आकडा काही फ्रेमनी बदलतो, म्हणून त्या दिवशी चहाच्या वेळीही तो बंद करू दिला नाही.

दुपारी अडीच वाजता वादकांनी पूर्ण हरिपाठ पुन्हा वाजवला. अंतरे मोजली तेव्हा पखवाज कुठे ५ मिलिसेकंद पुढे, कुठे ८ मागे, एका अभंगात बराच वेळ किंचित मागे रेललेला असा मिळाला, आणि शेवटच्या मिनिटातला फरक पहिल्या मिनिटाएवढाच होता. आर्डोरने प्रत्येक ट्रॅक ३२ बिट फ्लोटच्या वेगळ्या मोनो फाइलमध्ये साठवला होता, दर ट्रॅकला सुमारे ४६० एमबी. आठही ट्रॅक एकाच वेव्ह फाइलमध्ये घ्यायचे म्हटले असते तर ४ जीबीची मर्यादा ४७ व्या मिनिटाच्या आतच आडवी आली असती, म्हणून ज्यांना सवय असेल त्यांनी ती पद्धत लांब मुद्रणाला वापरू नये.

शेवटी मुख्य गायकांना दोन अभंग पुन्हा म्हणायचे होते आणि हेडफोनमध्ये देवळासारखी आस हवी होती. इंटरफेसच्या मिक्सरमध्ये रिव्हर्ब नव्हता. त्यांचा कोरडा आवाज थेट दिला आणि आर्डोरमधून फक्त रिव्हर्बचा ओला भाग सोडला, कोरडा अजिबात नाही. २५६ च्या बफरमुळे ती आस २३ मिलिसेकंद उशिरा येत होती. पण सभामंडपाच्या भिंतीवरून परतणारा आवाजही तेवढ्या उशिरानेच येतो, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. दोन्ही अभंग पहिल्याच वेळी झाले.